आईंचं सोवळं आणि नातवाचं दान

पत्र: "नमस्कार मॅडम. माझी आई ७४ वर्षांची. बाबा गेल्यापासून सदाशिव पेठेत एकटी राहते, मी कोथरूडला. दिवाळीनंतर तिची दाढ सुजली म्हणून दंतवैद्यांनी अँटिबायोटिक दिलं. दुखणं पुन्हा उपटलं तेव्हा तिने मला न सांगता जुनी चिठ्ठी दाखवून तोच कोर्स दुकानातून परत आणला. मग जुलाब लागले ते थांबेचनात. तपासणीत सी-डिफ नावाचे जिवाणू निघाले. व्हँकोमायसिन चालू असेपर्यंत बरं वाटतं, औषध संपलं की काही दिवसांत पुन्हा तेच. ही तिसरी खेप. आता पोटाचे डॉक्टर म्हणतात की निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू आईच्या आतड्यात सोडू, तोच उपाय चांगला. माझा २२ वर्षांचा मुलगा द्यायला तयार आहे. पण आई कडक सोवळ्याची. हे ऐकून ती जेवणच टाकेल. मावशी म्हणते, भरपूर ताक द्या. अमेरिकेतला भाऊ प्रोबायोटिकच्या गोळ्या पाठवतोय. त्याचं म्हणणं, आईला 'नवीन औषध आहे' एवढंच सांगा आणि उरकून टाका, लोक तर हे घरच्या घरीही करतात, त्याचे व्हिडिओ आहेत. न सांगता केलं तर मला पाप लागेल, आणि सांगितल्यावर ती नाही म्हणाली तर? दाढेचं कामही अजून अर्धवटच आहे. — एक लेक, कोथरूड"

शेवटून सुरुवात करते, कारण तुम्ही ज्याच्यावर झोप घालवताय तो प्रश्न मुळात तुमच्या हातात नाहीच. आईंना न सांगता हे करता येणार नाही. स्वतः दुकानात जाऊन औषध आणणारी, पूर्ण शुद्धीतली बाई आहे ती. संमतीपत्रावर सही त्यांचीच लागणार, आणि बरा डॉक्टर नीट समजावल्याशिवाय ती सही घेणार नाही. भावाला एवढं कळवा आणि तो विषय बंद करा. त्यातूनही कुणी लपवून केलंच, तर सदाशिव पेठेत गोष्ट किती दिवस झाकून राहते हे मी तुम्हाला सांगायला नको. मग आई तुमच्या हातून साधी क्रोसिन तरी घेतील का?

आता राहिला खरा प्रश्न, सांगायचं कसं. मी डॉक्टर नाही, आयुष्यभर कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण आतड्यात जिवाणू वसतात म्हणजे नक्की काय होतं, हे तुम्हाला स्वतःला पटलं नसेल तर आईंसमोर तुम्ही अडखळाल, आणि अडखळणारी लेक पाहिली की आई तिथेच 'नको' म्हणतील. म्हणून जरा लांबून येते.

आईंच्या पोटात जे झालंय ते असं. निरोगी मोठ्या आतड्यात जिवाणूंच्या शेकडो जाती दाटीने राहतात. २०१६ साली मांडलेल्या हिशोबाप्रमाणे सरासरी माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात. बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात, आणि सगळ्यांचं मिळून वजन २०० ग्रॅमच्या आसपास. ही वस्ती तुमचा कोंडा-चोथा पचवते, त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवते, आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी तेच जाळून जगतात. जाळताना त्या प्राणवायू वापरून टाकतात, त्यामुळे आत प्राणवायू जवळपास उरत नाही आणि तो न सोसणाऱ्या जिवाणूंचं फावतं. म्हणजे शरीर जिवाणूंना पोसतं, जिवाणू शरीराला, आणि दोघं मिळून तिसऱ्या कुणाला शिरू देत नाहीत. अँटिबायोटिक दाढेतल्या जंतूंसाठी घेतलं, पण ते दाढ ओळखत नाही. पोटातली ही वस्ती एका कोर्सने विरळ झाली, दुसऱ्याने आणखी.

(अँटिबायोटिकला शिव्या देण्यासाठी हे लिहीत नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती पेनिसिलिन देशात बनावं म्हणून, आणि त्याआधी साध्या जखमेतून माणसं कशी जायची हे आईंच्या पिढीने घरात ऐकलेलं असतं. राग आहे तो जुन्या चिठ्ठीवर औषध देणाऱ्या दुकानदारावर. चिठ्ठी पुढे करणाऱ्या आईंवर नाही.)

सी-डिफ, म्हणजे क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल, हा अशा वेळी उठतो. गंमत अशी की १९३५ साली तो पहिल्यांदा सापडला तो धडधाकट तान्ह्या बाळांच्या शीमध्ये. बाळांना तो सहसा काही करत नाही. मोठ्या माणसातही आजूबाजूला भरगच्च वस्ती असेल तर गप्प असतो. याची एक कळ आता चांगली समजली आहे. यकृतातून येणारी पित्ताम्लं सी-डिफच्या बीजाणूंना, म्हणजे कवचात झोपून राहिलेल्या त्याच्या रूपाला, उगवायला मदत करतात. पण पोटातले काही जिवाणू त्याच पित्ताम्लांचं रूप बदलून असं काही बनवतात, की त्यात सी-डिफ वाढूच शकत नाही. हे जिवाणू अँटिबायोटिकने गेले की सी-डिफला रान मोकळं. व्हँकोमायसिन वाढलेला सी-डिफ मारतं, बीजाणू मात्र मरत नाहीत, आणि उरलीसुरली चांगली वस्तीही त्यात पुन्हा झोडपली जाते. म्हणून औषध संपलं की जुलाब परत. आईंनी पथ्य मोडलं, देवाचं काही चुकलं, असं काही नाही. त्यांना हे स्पष्ट सांगा. आजारी म्हातारी माणसं मनातल्या मनात स्वतःलाच दोष देत बसतात.

मग ताकाने का भागत नाही? मावशींचा हेतू चांगला आहे. पण दह्या-ताकातले जिवाणू दुधात वाढायला सरावलेले. आतड्यातून ते जातात, जाताजाता थोडाफार फायदाही करतात, पण मुक्काम करत नाहीत. मुक्काम करायला जिवाणूला नुसतं पोहोचून भागत नाही, यजमानाने त्याला ठेवून घ्यावं लागतं. हे कसं घडतं ते सगळ्यात सुंदर दिसतं एका समुद्री प्राण्यात, म्हणून दोन मिनिटं तिकडे नेते.

हवाई बेटांजवळ दोन-तीन सेंटिमीटरचा एक स्क्विड असतो. कोकणात ज्याला म्हाकूळ म्हणतात त्याच्याच नात्यातला. रात्री तो शिकारीला निघतो तेव्हा पोटाखालच्या एका अवयवातून मंद उजेड पाडतो. त्यामुळे वर चांदणं असताना खालून बघणाऱ्या माशाला त्याची काळी आकृती दिसत नाही. हा उजेड स्क्विडचा स्वतःचा नाही, व्हिब्रिओ फिशेरी नावाच्या जिवाणूंचा. आणि अंड्यातून बाहेर पडणाऱ्या पिल्लात तो जिवाणू अजिबात नसतो. समुद्राच्या पाण्याच्या थेंबाथेंबात इतर जिवाणूंची झुंबड, त्यात हा हजारात एकही नाही. तरी काही तासांत नेमका हाच आत जातो, दुसरा कुणी नाही. मार्गारेट मॅकफॉल-नाय आणि नेड रूबी या संशोधकांनी यावर दशकानुदशकं काम केलं. पिल्लू अवयवाच्या तोंडाशी चिकट बुळबुळ सोडतं, बारीक केसांनी पाणी तिकडे वळवतं, वाटेत नायट्रिक ऑक्साइडसारखी बहुतेकांना न सोसणारी द्रव्यं ठेवतं. जो टिकला तो एका विशिष्ट साखरेच्या मागावर आत पोहतो. आत पोहोचला की स्क्विड त्याला खाऊ घालतो. आणि मग पिल्लाचं शरीरच बदलतं. जिवाणू गोळा करणारे ते केसाळ भाग चार-पाच दिवसांत झडून जातात, कारण आता त्यांची गरज नाही. उजेड न देणारा, बिघाड केलेला जिवाणू सोडून पाहिला तर तो तिथे टिकत नाही. रोज पहाटे स्क्विड आतले सुमारे ९५ टक्के जिवाणू बाहेर टाकतो, उरलेले दिवसभरात पुन्हा वाढून रात्रीपर्यंत अवयव भरतात.

आपल्या आतड्यात इतकं नाट्य नाही, पण नियम तोच. मोठ्या आतड्याच्या अस्तरावर श्लेष्म्याचे, म्हणजे बुळबुळीत स्रावाचे, दोन थर असतात. आतला जवळजवळ निर्जंतुक, बाहेरच्यात जिवाणू. कोणते जिवाणू श्लेष्म्यातली साखर खाऊ शकतात, कोणाला शरीराची प्रतिपिंडं धरून ठेवतात, यावर कोण राहणार ते ठरतं. बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस या जिवाणूकडे तर मुक्कामासाठीच लागणारे वेगळे जनुक आहेत, हे २०१३ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं. ज्या उंदरात तो आधीच वसलेला आहे, तिथे त्याच जातीचा नवा येऊ पाहिला तर त्याला थारा मिळत नाही. वेगळ्या जातीच्याला मात्र मिळतो. तान्ह्या बाळाचं उदाहरण आईंना आवडेल. आईच्या दुधात काही साखरी अशा असतात की बाळाला त्या पचतच नाहीत. लॅक्टोज आणि स्निग्धांश सोडले तर दुधातल्या घन पदार्थांत तिसरा क्रमांक त्यांचाच. त्या असतात बाळाच्या पोटातल्या बिफिडोबॅक्टेरियांसाठी. म्हणजे निसर्गाने आईच्या दुधात बाळाबरोबर बाळाच्या जिवाणूंचंही जेवण घातलंय.

आता भावाच्या गोळ्या. दुकानात मिळणाऱ्या प्रोबायोटिकमध्ये मूठभर जाती असतात, बहुतेक दह्याच्या नात्यातल्या. त्या तुमच्या आईंची गेलेली वस्ती परत आणत नाहीत. उलट २०१८ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेत काही निरोगी लोकांना अँटिबायोटिक देऊन पाहिलं. ज्यांनी नंतर अकरा प्रकारांचं प्रोबायोटिक घेतलं त्यांची मूळ वस्ती परत यायला काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. ज्यांना स्वतःचीच आधी साठवलेली विष्ठा परत दिली, ते काही दिवसांत पूर्वपदावर आले. प्रयोग लहान होता, त्यावरून सगळ्या प्रोबायोटिकला नावं ठेवणार नाही. ओडिशातल्या खेड्यांत नवजात बाळांवर झालेल्या मोठ्या चाचणीत एका निवडक जिवाणूने जंतुसंसर्ग खूपच कमी झाला होता, तो निकाल २०१७ चा. पण ती तान्ही बाळं, तो नेमका जिवाणू, ते नेमकं कारण. 'पोटाला चांगलं' एवढ्या भांडवलावर पार्सलने येणारी गोळी वेगळी. आईंना ताक आवडत असेल आणि डॉक्टर हो म्हणत असतील तर वाटीभर द्या, तोंडाला चव येईल. गोळ्या मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको.

तर मग वस्ती येते कुठून? दुसऱ्या वसलेल्या शरीरातून, आणि बहुतेक प्राण्यांत उघडउघड विष्ठेतूनच. कोआलाचं पिल्लू निलगिरीची पानं खाऊ लागण्याआधी आईची खास मऊ विष्ठा खातं, त्याशिवाय ती विषारी पानं त्याला पचणार नाहीत. हत्तीची पिल्लं कळपातल्या मोठ्यांचं शेण खातात. कोशातून नुकती बाहेर पडलेली कामकरी मधमाशी पोटाने जवळजवळ कोरी असते, पोळ्यातल्या बहिणींच्या संगतीत काही दिवसांत तिची वस्ती जमते. वाळवी कात टाकते तेव्हा आतड्याचं अस्तरही निघून जातं आणि लाकूड पचवणारे सोबती त्याबरोबर, मग तिला ते शेजारणीच्या गुदद्वाराशी जाऊन पुन्हा मिळवावे लागतात. ढेकणाच्या नात्यातल्या, झाडांवर राहणाऱ्या एका किड्याची मादी तर अंडी घालताना शेजारी जिवाणूंच्या छोट्या पुड्या ठेवून जाते. पिल्लू बाहेर आलं की आधी पुडी चोखतं. आणि गुरांचे डॉक्टर, पोट बिघडून रवंथ बंद पडलेल्या गाईला दुसऱ्या निरोगी गाईच्या पोटातला द्रव पाजतात. ही रीत फार जुनी आहे.

माणसातही सुरुवात बहुतांशी आईकडून होते. जन्माच्या वेळी, मग दूध, मग अंगाखांद्यावर खेळणं. तुमच्या पोटातली पहिली वस्ती आईंकडून आली, आणि तुमच्या मुलाची तुमच्याकडून. वयाबरोबर त्यात कितीतरी बदल होतात, तेव्हा 'आजीचंच आजीला परत' असं कुणी म्हणालं तर ते शास्त्र म्हणून खपवू नका. पण आजी-नातवात हसत कुणी म्हणालं तर मी आडवी येणार नाही.

आईंना सांगताना मला सगळ्यात जवळची वाटते ती विरजणाची गोष्ट. घरचं दही बिघडलं, तार सुटायला लागली, तर आई काय करतात? त्याच दह्यात काही घालून ते सुधारत नाहीत. ज्या घरचं दही चांगलं लागतं तिथून चमचाभर विरजण आणतात आणि नव्याने लावतात. त्या चमच्यात काय-काय आहे हे कुणी मोजत नाही, एकत्र नांदणारी अख्खी जमात येते. आणि आई कुणाच्याही घरून विरजण आणत नसणार, हेही लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

पुरावा किती भक्कम? १९५८ साली अमेरिकेत डेन्व्हरला बेन आइझमन या सर्जनने आतड्याच्या जीवघेण्या दाहाचे चार रुग्ण याच पद्धतीने, एनिमा देऊन बरे केले. मग हा उपाय कित्येक वर्षं कोपऱ्यात पडून राहिला. २०१३ साली नेदरलँड्समधली चाचणी प्रसिद्ध झाली. पुन्हा पुन्हा सी-डिफ होणाऱ्या १६ जणांना दात्याची विष्ठा दिली, त्यातले १३ पहिल्याच खेपेत बरे झाले, आणखी दोघे दुसऱ्या खेपेत. नुसतं व्हँकोमायसिन घेणाऱ्या १३ पैकी चारच. फरक इतका मोठा की चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. भावाला हेही सांगा की तो राहतो त्या देशात २०२२ साली एनिमावाटे द्यायच्या आणि २०२३ साली तोंडाने घ्यायच्या अशा विष्ठेपासून बनवलेल्या औषधांना सरकारी मान्यता मिळाली आहे, तीही सी-डिफ पुन्हा उलटू नये यासाठीच. तो पाठवतोय त्या गोळ्या या नव्हेत.

आणि घरच्या घरी करायचं तर नावही काढू नका. २०१९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला होता. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या दोन रुग्णांना एकाच दात्याच्या विष्ठेतून औषधांना न जुमानणारा ई-कोलाय गेला आणि त्यातला एक दगावला. ती विष्ठा त्या जिवाणूसाठी तपासलेली नव्हती. म्हणजे चूक रुग्णालयाच्या व्यवस्थेतही होऊ शकते, तर मिक्सरच्या भांड्यात काय होईल?

तुमच्या मुलाचं कौतुक वाटलं. बावीस वर्षांच्या मुलाला मित्रांना हे सांगता यायचं नाही, तरी तयार झाला. पण त्याला आधीच समजावून ठेवा की तो नापास होऊ शकतो. रक्तात एचआयव्ही, कावीळ, सिफिलिस बघतात. विष्ठेत जंत, सी-डिफ, आणि औषधांना दाद न देणारे जिवाणू. आपल्याकडे हे शेवटचे अगदी ठणठणीत माणसांच्या पोटातही सर्रास असतात. गेल्या तीन महिन्यांत त्याने घशासाठी, मुरमांसाठी, कशासाठीही अँटिबायोटिक घेतलं असेल तर सहसा तेवढ्यावरच नाव कटतं. त्याने ते लपवू नये. तो नाही बसला तर दुसरा दाता चालतो, नात्यातलाच हवा असं काही नाही. त्या डच चाचणीतले दातेही नात्यातले नव्हते, तपासून घेतलेले स्वयंसेवक होते. रुग्णालयाकडे तपासलेल्या दात्याची सोय आहे का, हे आधीच विचारा. कदाचित आईंनाही 'नातवाचं' यापेक्षा 'कुणाचं ते माहीत नाही' हे सोपं वाटेल. कदाचित उलटं. विचारल्याशिवाय कळणार नाही.

आता सोवळं. तुम्ही त्याला अडथळा समजताय, मी तसं समजत नाही. सोवळं पाळणारी बाई काय विचारते? हे कुणाच्या हातचं? कुठून आलं? भांडं कसलं? कुणाचा हात लागला? दाता निवडताना प्रयोगशाळा नेमके हेच प्रश्न विचारते, फक्त तिच्याकडे ते तपासायला साधनं आहेत. आईंनी हे प्रश्न डॉक्टरांना विचारावेत आणि डॉक्टरांनी एकेकाचं उत्तर द्यावं. विष्ठा तशीच्या तशी देत नाहीत, सलाइनमध्ये मिसळून गाळून घेतात. आणि एक गोष्ट तुम्ही स्वतः पुढच्या भेटीत नक्की विचारा: कुठल्या मार्गाने देणार? नाकातून नळीने, तोंडाने कॅप्सूलमध्ये, एनिमाने किंवा कोलोनोस्कोपीने (गुदद्वारातून दुर्बीण घालून), असे रस्ते आहेत. आईंसारख्या व्यक्तीसाठी तोंडाला स्पर्श न होणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि कोलोनोस्कोपीने दिल्यावर गुण कमी येतो असंही नाही. मला वाटतं, 'तोंडावाटे काही जाणार नाही' हे वाक्य तुमच्या सगळ्या शास्त्रापेक्षा जास्त काम करेल. पण डॉक्टरांनी होकार दिल्यावरच ते उच्चारा.

एक मुद्दा तुमच्या मुलाला सुचेल, भावाला तर नक्कीच: ऋषिपंचमीच्या उद्यापनाला पंचगव्य घेतलंस तेव्हा त्यात शेण नव्हतं का? वादात हा मुद्दा जिंकेल आणि आई हरतील. हरलेला माणूस सही करत नाही. कुणाला बोलू देऊ नका.

सांगायची वेळ सकाळची, पूजा आणि चहा झाल्यावर, तुम्ही दोघीच. व्हिडिओ कॉलवर भाऊ नको, मावशी नको. आधी आजार सांगा, वर लिहिलाय तसा, मग व्हँकोमायसिन का पुरत नाही ते, आणि मग उपाय. शब्द चोरू नका. 'जैविक द्रव' वगैरे म्हणालात तर त्यांना लगेच संशय येईल. एकदाच, सरळ सांगा, आणि त्या म्हणतील ते ऐकून घ्या. 'शी' म्हणतील. म्हणू द्या. मीही पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा म्हटलं होतं, आणि माझं तर पोट याच विषयावर चाललेलं. लगेच होकार मागू नका. दोन दिवस द्या, मग डॉक्टरांची भेट, त्यात आई आणि डॉक्टर बोलतील, तुम्ही गप्प.

आणि तरी नाही म्हणाल्या तर नाही. तो त्यांचा अधिकार आहे, आणि त्याने सगळं संपत नाही. व्हँकोमायसिन एकदम न थांबवता डोस आठवड्या-आठवड्याने कमी करत, मग दिवसाआड, असं लांबवण्याची पद्धत आहे. दुसरीही औषधं आहेत. डॉक्टरांना हे पर्याय त्यांच्यासमोरच मांडायला सांगा, म्हणजे 'हे करा नाहीतर मरा' असा प्रसंग उभा राहणार नाही. नकार पुढे बदलूही शकतो, पण मागे लागून नाही.

तोवर घरातलं. सी-डिफचे बीजाणू हाताला लावायच्या सॅनिटायझरने मरत नाहीत, साबण आणि वाहतं पाणीच हवं. आईंना हात धुण्याबद्दल सांगावं लागणार नाही, तुम्हाला आणि कामाच्या मावशींना लागेल. जमलं तर त्यांचा संडास वेगळा ठेवा आणि ब्लीचने पुसून घ्या. जुलाब थांबवायच्या गोळ्या मनाने देऊ नका. रोज पित्ताची, म्हणजे अ‍ॅसिडिटीची, गोळी चालू असेल तर ती खरंच लागते का, हे डॉक्टरांना विचारा, कारण त्या गोळ्यांचा आणि सी-डिफचा संबंध दिसलेला आहे. ताप, पोट फुगून टणक होणं, शीतून रक्त, लघवी कमी, गुंगी, यातलं काहीही दिसलं तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्या. ७४ व्या वयात पाणी झपाट्याने कमी होतं.

विष्ठेतल्या जिवाणूंचं हे प्रत्यारोपण झालंच, तर नव्या वस्तीला खायला लागतं. डॉक्टर सांगतील त्या वेगाने ज्वारीची भाकरी, डाळी, शिजवलेल्या भाज्या वाढवा. उपासाचे दिवस निदान सुरुवातीला बाजूला ठेवता आले तर बरं. साबुदाण्यावर जिवाणूंचं फारसं भागत नाही.

आणि दाढ. ती अर्धवट आहे म्हणजे दोन महिन्यांत पुन्हा सुजणार, आणि कुणीतरी पुन्हा पाच दिवसांचा कोर्स लिहून देणार. तेव्हा आत्ताच दंतवैद्यांना फोन करून सी-डिफचं सांगा. पोटाच्या डॉक्टरांचा नंबर त्यांना द्या, दाढ आधी की प्रत्यारोपण आधी हे दोघांना आपसात ठरवू द्या, आणि अँटिबायोटिक टाळता येत नसेल तर कोणतं आणि किती दिवस, हेही. आईंच्या फायलीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने 'सी-डिफ झालेला आहे' असं लिहून ठेवा. ती जुनी चिठ्ठी मात्र फाडून टाका.